मदत हवी आहे: टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन बंद करतं, मग बाबांचं हृदय जाड का झालं?

नमस्कार मंडळी,

बाबांचं (वय ६१) किडनी ट्रान्सप्लांट होऊन पाच वर्षं झाली. किडनी आईने दिली. त्याआधी तीन वर्षं डायलिसिस चालू होतं. आता क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) १.५ च्या आसपास असतं. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) सकाळी नऊला आणि रात्री नऊला, आमच्या घरातलं घड्याळ त्यावरच चालतं.

मागच्या महिन्यात जिना चढताना त्यांना दम लागायला लागला म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं आहे, पण डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. मधला पडदा १४ मिलिमीटर भरला. "किडनीच्या पेशंटमध्ये हे दिसतं, बीपी सांभाळा," एवढंच ऐकून आम्ही पाच मिनिटांत बाहेर आलो.

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरी आल्यावर वाचत बसले. जेवढं समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम येतं आणि परत साठ्यात जातं. ते जास्त वेळ रेंगाळलं की कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ते प्रथिन दोन एन्झाइमना जागं करतं. एक कॅम-कायनेज-टू, जे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं. दुसरं कॅल्सिन्युरिन, जे फॉस्फेट उतरवतं. कॅल्सिन्युरिनने एनफॅट नावाच्या प्रथिनावरचं फॉस्फेट उतरवलं की एनफॅट केंद्रकात शिरतं आणि पेशी जाड करणारी जनुकं चालू करतं. १९९८ मध्ये उंदरांच्या हृदयात कॅल्सिन्युरिन सतत चालू ठेवून पाहिलं, तर ती हृदयं फुगली आणि पुढे निकामी झाली.

आता माझा गोंधळ. टॅक्रोलिमस नेमकं हेच एन्झाइम बंद करतं! प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींतही हाच कॅल्सिन्युरिन-एनफॅटचा मार्ग असतो. तो अडवला म्हणूनच शरीराने आईची किडनी नाकारली नाही. मग पाच वर्षं रोज कॅल्सिन्युरिन दाबलेलं असताना बाबांचं हृदय जाड झालंच कसं? उलट ते वाचायला हवं होतं ना?

हे मी उत्साहाने बाबांना सांगितलं आणि तिथे चूक झाली. काल ते म्हणाले, "मग डोस थोडा वाढवून मागूया का? हृदयालाही बरं." मी घाबरले. गुरुवारी नेफ्रोलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे, त्याआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे, आणि बाबांना पटेल असं मराठीत सांगायचं आहे. यातलं कोणी जाणकार असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी बाबांना सांगा, डोसला हात लावायचा नाही. माझ्या भावाचंही ट्रान्सप्लांट झालंय. रक्तातली औषधाची लेव्हल थोडी वर गेली तरी त्याचे हात थरथरायचे आणि क्रिएटिनिन चढायचं. पपनस आणि ग्रेपफ्रूट घरात आणू नका, त्याने लेव्हल वाढते. लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. बाकी एन्झाइमचं जाणकार सांगतील.

प्रतिसाद २

ताई, मी फार्माकॉलॉजी शिकवतो. तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे, फक्त एक दुवा सुटलाय. तुम्ही कॅल्सिन्युरिन हृदयात पाहिलंत, आता ते किडनीत पाहा.

किडनीच्या नळीत मीठ परत ओढून घेणारा एक पंप आहे, थायझाइड (लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या) गोळ्या ज्याला बंद करतात तो. त्याच्यावर फॉस्फेट चढलं की तो चालू, उतरलं की मंद. फॉस्फेट उतरवायला तिथेही कॅल्सिन्युरिन लागतं. टॅक्रोलिमसने ते अडवलं की पंप चालूच राहतो, मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं. शिवाय किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या हे औषध आवळतं. म्हणजे हृदयाच्या पेशीत एक रस्ता काहीसा अडला, पण त्याच हृदयाला रोज जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. गोळी गिळली की ती सगळ्या अवयवांत जाते, फक्त हृदयाला द्यायची सोय नाही. आणि उंदरांतसुद्धा हे औषध देऊन जाडी टळते का, यावर वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत.

दुसरं, टॅक्रोलिमस कॅम-कायनेज-टूला अडवत नाही. हे एन्झाइम एकदा जागं झालं की स्वतःवरच फॉस्फेट चढवून घेतं आणि कॅल्शियम उतरल्यावरही चालू राहतं. मग कॅल्शियमच्या साठ्याची दारं गळू लागतात, त्यातून ठोके चुकतात. धडधड होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तिसरं, जाडी आत्ताचीच आहे असं धरू नका. किडनी बंद असताना फॉस्फेट साठतं आणि हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन भरमसाट येतं. २०११ साली दाखवलं गेलं की ते हृदयाच्या पेशींवर थेट काम करून त्यांना जाड करतं, तेही कॅल्सिन्युरिनच्याच मार्गाने. डायलिसिसची ती तीन वर्षं टॅक्रोलिमस नव्हतंच. तेव्हाचा जुना इको शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा.

आणि एक विचारतो. हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली धमनी आणि शिरेची जोडणी) अजून चालू आहे का? धमनीतलं रक्त थेट शिरेत जात असेल तर हृदयाला तेवढं रक्त जास्तीचं फिरवावं लागतं. ऑस्ट्रेलियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ट्रान्सप्लांट नीट चालू असलेल्या पेशंटचा फिस्टुला बंद केल्यावर सहा महिन्यांत डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन कमी झालं होतं. प्रत्येकाचा बंद करायचा असं नाही, पुढे डायलिसिस लागलं तर तो हाताशी असावा असंही डॉक्टर बघतात. पण विषय नक्की काढा.

धागाकर्ती

सर, किती आभार मानू! तोच पंप मीठ धरून ठेवतो हे वाचल्यावर बाबांच्या संध्याकाळच्या घोट्यांवरच्या सुजेचा अर्थ लागला. त्यांना सांगितलं, "गोळी हृदयात एक नळ बंद करते आणि किडनीत दुसरा उघडा ठेवते." डोस वाढवायचा विषय त्यांनी सोडला. लोणच्याची बरणी आईने वरच्या फळीवर ठेवली.

फिस्टुला चालू आहे. आत्ता त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवून बघितली, मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. पाच वर्षांत सवय झाली होती, कोणी त्याबद्दल विचारलंच नाही. डायलिसिसच्या फाइलमध्ये २०१८ चा इको सापडला, पडदा तेव्हाच १३ मिलिमीटर होता. दोन्ही रिपोर्ट आणि रोजचं सकाळ-संध्याकाळचं बीपी लिहिलेली वही गुरुवारी नेतेय. काय म्हणतात ते इथेच लिहीन.