मदत हवी आहे: १ जुलैला जन्मलेले गाणारे-वाजवणारे, गावातल्या कार्यक्रमासाठी

नमस्कार मंडळी,

मी अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, गावच्या वाचनालयाचं काम बघते. येत्या १ जुलैला आमचे आबाजी कागदोपत्री ७५ वर्षांचे होतात. गावच्या भजन मंडळात ते पन्नासेक वर्षांपासून खंजिरी वाजवतात. त्यांच्यासाठी एक कार्यक्रम करायचा आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

'कागदोपत्री' म्हणते, कारण खरी तारीख घरात कोणालाच माहीत नाही. आबाजींना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी त्यांना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं. दाखल-खारीज रजिस्टरात लिहिलं गेलं १ जुलै १९५१. आमच्याकडे उन्हाळा लांबतो, शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ही तारीख गुरुजींच्या हाताशीच असायची. आबाजींची मोठी बहीण मात्र आजही ठणकावून सांगते, "पोयाच्या करीले झाला थो. बैलाच्या आंगावरची झूल बी काहाडली नोती." पोळा श्रावणातल्या अमावास्येचा. तो १ जुलैला कसा येईल?

मागच्या वर्षी मंडळातल्या म्हाताऱ्यांचे वृद्ध कलावंत मानधनाचे अर्ज मीच भरले. अकरा जणांची आधार कार्डं टेबलावर मांडली तर सात जणांची जन्मतारीख १ जुलै. पेटीवाले, ढोलकीवाले, टाळकरी, सगळे एकाच दिवशी जन्मलेले! यांतल्या एकाचाही वाढदिवस आजवर झालेला नाही. तेव्हाच ठरवलं, की या तारखेला जगात आणखी कोण गाणारे-वाजवणारे जन्मले ते शोधायचं आणि त्यांचं संगीत या सात जणांना ऐकवायचं. मग शेवटी त्यांनी आपलं भजन म्हणायचं.

शोधलं तर एवढी मोठी माणसं सापडली की मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले.

पंडित हरिप्रसाद चौरसिया, १ जुलै १९३८, अलाहाबाद. वडील पैलवान, पोरानेही आखाड्यात उतरावं ही त्यांची इच्छा. पोरगा लपूनछपून बासरी शिकला. पुढे नाव झाल्यावरही अन्नपूर्णादेवींकडे शिष्य म्हणून गेले, आणि नव्याने शिकायची तयारी दाखवायला उजव्या बाजूची बासरी डाव्या बाजूला धरायला लागले. हाताला बसलेली सवय मोडायची म्हणजे काय, ते आबाजींना सांगावं लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं होतं, तेव्हा महिनाभर डाव्या हाताने खंजिरीवर थाप मारून पाहत होते.

विली डिक्सन, १९१५, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं व्हिक्सबर्ग. माणसाएवढं उंच डबल बास हे तंतुवाद्य वाजवायचा. मडी वॉटर्स या गायकाने गाजवलेली कितीतरी ब्लूज गाणी (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताचा एक प्रकार) याने लिहिलेली. आणि हा स्वतः मुष्टियोद्धा होता, १९३७ साली इलिनॉय राज्याची गोल्डन ग्लव्हज स्पर्धा त्याने जिंकली. एक पैलवानाचा पोरगा आणि एक मुष्टियोद्धा, दोघंही १ जुलैचे. आमच्या गावात आखाडा अजून चालतो, तिथल्या पोरांना हे आवडेल.

डेबी हॅरी (१९४५, रॉक) आणि मिसी एलियट (१९७१, रॅप) यांचाही जन्म याच दिवशीचा. मिसी एलियट २०२३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेली, रॅप करणाऱ्या बायकांत पहिलीच. कॉलेजच्या मुलींसाठी तिचं एखादं घ्यावं असं वाटतं, पण म्हाताऱ्यांना ते कितपत सोसेल?

मी सगळ्यात जास्त थांबले ती थॉमस डॉर्सीपाशी. १ जुलै १८९९, जॉर्जिया राज्यातलं व्हिला रिका गाव. आधी हा 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचा, मा रेनी या गायिकेला पियानोची साथ करायचा. मग तोच ब्लूजचा ढंग त्याने देवाच्या गाण्यात आणला. चर्चवाल्यांना सुरुवातीला ते अजिबात रुचलं नाही. आज त्याला गॉस्पेल संगीताचा, म्हणजे चर्चमधल्या या भक्तिगीतांचा, जनक म्हणतात. १९३२ मध्ये तो गाण्यासाठी परगावी गेला असताना घरी बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने जे गाणं केलं त्याचं नाव 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड', म्हणजे देवा, माझा हात धर. १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सन या गॉस्पेल गायिकेने हेच गाणं म्हटलं.

आमची आजी गेली तेव्हा आबाजींनी खंजिरी खुंटीला टांगली, ती सहा महिने काढली नाही. मंडळातले लोक येऊन बसायचे, चहा घेऊन परत जायचे. एका गुरुवारी प्रार्थनेनंतर आबाजी काही न बोलता उठले, खंजिरी काढली, धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि चुलीतले दोन निखारे ओढून तिचं कातडं शेकत बसले. पावसाळ्यात कातडं सर्द होतं, आवाज बसतो, म्हणून शेकावं लागतं. अंगठ्याने टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा शेकायचं. त्या रात्री ते तुकडोजी महाराजांचं एकच भजन तीनदा म्हणाले. डॉर्सीबद्दल वाचताना मला ती रात्र आठवत होती. त्यामुळे हे गाणं मला ऐकवायचंच आहे, आणि नीट ऐकवायचं आहे.

तर मदत अशी हवी आहे. ऐकणारी माणसं शंभरच्या आत, बहुतेकांना इंग्रजी येत नाही. सकाळी ग्रामपंचायतीचा कृषी दिन असतो, कारण १ जुलै ही वसंतराव नाईकांची जयंती, आणि दिवसभर लोक शेतात. म्हणून कार्यक्रम रात्री आठला. यातलं काय, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने ऐकवू? ब्लूज म्हणजे काय हे दोन वाक्यांत कसं सांगू? आणि ज्यामुळे माझी झोप उडाली आहे ते हे: तारीखच खरी नसेल तर तिच्यावर एवढा कार्यक्रम उभा करणं बरोबर आहे का? आत्याआजी समोरच बसलेली असेल.

—

प्रतिसाद: दप्तरी

ताई, तारखेचं आधी सांगतो. माझी नोकरी महसूल खात्यात झाली. तुमच्या भागात त्या काळी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात व्हायची. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते. लोक जातीच्या दाखल्यासाठी ती काढतात, त्यामुळे तिथल्या बाबूंना सांगावं लागत नाही. पण शोधताना एक लक्षात ठेवा: बारसं व्हायच्या आधीच नोंद होत असल्याने बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव पक्कं लिहून न्या. आणि फक्त १९५१ बघू नका. कान धरून ठरवलेलं वय एखाद-दोन वर्षांनी सहज चुकतं, तेव्हा १९४९ ते १९५३ पर्यंतचे ऑगस्ट-सप्टेंबर पाहा. पोळ्याच्या आसपास तुमच्या घरची एकच मुलग्याची नोंद निघाली तर आत्याबाईंचं म्हणणं खरं. नोंद सापडली तरी आधारवरची तारीख बदलायच्या भानगडीत पडू नका, मानधनाचं काम अडेल.

—

प्रतिसाद: सूरपेटी

तुमच्या यादीत एक मोठं नाव राहिलं आणि तुमच्या गावासाठी तेच सगळ्यात जवळचं आहे. जेम्स कॉटन, १ जुलै १९३५, टुनिका, मिसिसिपी. आडनावच कॉटन, म्हणजे कापूस, आणि घरचे कापसाच्या शेतावर राबणारे. वाद्य माउथ ऑर्गन. त्याची आई त्यावर कोंबडीचा आणि आगगाडीचा आवाज काढायची, म्हणून पोराला बरेच दिवस वाटायचं की हे वाद्य एवढंच बोलतं. पुढे सनी बॉय विल्यमसन या माउथ ऑर्गनवाल्याकडे शिकला आणि मडी वॉटर्सबरोबर बारा वर्षं वाजवलं. माउथ ऑर्गन तुमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणून सुरुवात याच्यापासून करा. नाव नंतर सांगा. आधी आगगाडी ऐकवा, पोरं आपोआप गप्प बसतील.

ब्लूज समजवायला भाषण नको. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. भजनात आपण धृपद घोळवतो ना, तसंच ऐका म्हणावं. ही मूळची गुलामगिरीतून सुटलेल्या, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या लोकांची गाणी. एवढं सांगितलं की तुमच्याकडच्या बायकांना पुढचं सांगायला नको, वेचणीला त्याही जातात.

प्रत्येक तुकडा तीन मिनिटांच्या वर नको. कॉटननंतर डिक्सन, मग मिसी एलियट एक मिनिट. तीही घ्याच, ठेका म्हाताऱ्यांना कळतो, शब्द नाही कळले तरी चालतात. मग थोडं थांबून चौरसियांचा पहाडी राग. तो पाच मिनिटं चालेल. डॉर्सी सगळ्यात शेवटी आणि त्याच्यानंतर कोणी बोलायचं नाही, थेट आबाजींची खंजिरी. गॉस्पेलमध्ये एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागून ओळ उचलतात, तुमच्या मंडळाचीही रीत तीच. लोकांना ते कानानेच कळेल. सगळं आधी पेनड्राइव्हवर घ्या, नेटवर विसंबू नका.

—

प्रतिसाद: खंडवा लाइन

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. लुई आर्मस्ट्राँग, जॅझचा सगळ्यात मोठा ट्रम्पेटवाला, आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० सांगत राहिला. तो गेल्यावर बाप्तिस्म्याची नोंद सापडली, त्यात ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे तो निघाला आपल्या किशोरकुमारच्या तारखेचा, ४ ऑगस्ट १९२९, खंडवा. अकोटहून खंडव्याला मीटरगेज गाडी जायची, ती तुमच्या आबाजींना आठवत असेल. विली नेल्सन हा टेक्सासचा कंट्री गायक, लहानपणी कापूस वेचलेला. जन्मला २९ एप्रिल १९३३ ला, नोंद झाली ३० एप्रिलची. आणि ३० एप्रिल म्हणजे तुकडोजी महाराजांची जयंती, १९०९, यावली. नोंदीतली तारीख चुकली म्हणून नेल्सनचं गाणं कुठे अडलं नाही.

माझं मत विचाराल तर लपवू नका. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच कान धरायची गोष्ट सांगा, आणि ती आत्याआजींना त्यांच्या बोलीत सांगू द्या. त्या सातही घरांत कोणा ना कोणाला अशी एक गोष्ट माहीत असेल, कोणी पोळ्याचा, कोणी अखाडीचा, कोणी पुराच्या वर्षीचा. ती विचारून ठेवा. ऐकणाऱ्यांना दोन्ही कळू द्या, कागदावरचा दिवस आणि घरातल्यांच्या आठवणीतला दिवस.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरी काका, सोमवारी तहसीलला जाते आहे. पणजोबांच्या वडिलांचं नाव आत्याआजीकडून लिहून घेतलं.

सूरपेटी, काल संध्याकाळी मोबाइलवर जेम्स कॉटन लावला. आबाजी खाटेवर बसले होते. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "कोनत्या गावचा हाये हा?" मी म्हटलं, कापसाच्या गावचा. मग बोलले नाहीत, पण खाटेच्या माचव्यावर त्यांचा अंगठा चालू झाला आणि गाणं संपल्यावरही थोडा वेळ चालूच होता. डॉर्सीचं अजून ऐकवलेलं नाही, ते त्याच दिवशी.

सात घरांपैकी चार घरं झाली. एक जण नागपंचमीचा निघाला. एकाच्या घरी कोणालाच काही आठवत नाही, त्याला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी कोतवाल बुकात बघायला सांगणार आहे.

आता एकच अडचण उरली. शाळेचं सभागृह टिनाचं आहे, पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज होतो की बासरी बुडून जाईल. वाचनालयाची खोली पक्की आहे, पण तिथे साठ माणसंही दाटीवाटीने बसतील. मंडपवाला दोन मोठे स्पीकर देतो म्हणतो. टिनाखाली पावसात बासरी ऐकू यावी म्हणून ते कुठे आणि किती उंचीवर लावावे, हे कोणी केलेलं असेल तर सांगा. चौरसियांचा तुकडा मला गाळायचा नाही.