डायलिसिसच्या शेवटच्या तासात पोटऱ्यांत वांब येतात, काय करावं?

साखळीकर:
बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन) ५८ किलो, दर खेपेला साडेतीन किलो वाढलेले असतात. मधुमेह आहे, लघवी जवळजवळ बंद. चौथा तास लागला की पोटऱ्यांत वांब येतात आणि अर्धा तास आधीच मशीन बंद करावं लागतं. तेव्हा काय करायचं, आणि येऊच नयेत म्हणून डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

मशीनवाला:
आधी हिशेब करा. साडेतीन लिटर, वर शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन आणि मधला चहा धरून पावणेचार. चार तासांत काढायचं तर तासाला साधारण ९४० मिली, म्हणजे किलोमागे १६. किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर जाऊ नये, असं सर्वसाधारणपणे पाळतात. मशीन पाणी रक्तातून ओढतं. अंगातलं बाकीचं पाणी मागाहून रक्तात उतरतं. ओढ त्याहून जोराची झाली की स्नायूंना रक्त कमी पडतं. त्यामुळे बहुतेकांना वांब शेवटी शेवटीच येतात.

लवकर बंद केलंत की पाणी अंगात राहतं आणि पुढच्या खेपेला ओढ आणखी वाढते. पाच तास मिळाले तर तेच पाणी तासाला ७५० ने निघतं. वाढीव वेळ किंवा आठवड्याला तिसरी खेप, हे पहिल्यांदा विचारा. मग मशीनच्या द्रावणाचं तापमान ३६ च्या आसपास ठेवता येईल का ते. त्याने बीपी टिकतं. द्रावणातलं सोडियम वाढवून वांब थांबतात खरे, पण नंतर तहान लागते आणि वजन पुन्हा चढतं.

बांबोळीची ताई:
पोटरी ओढल्यासारखी वाटली की लगेच सिस्टरना हाक मारा, कळ सहन करत बसू नका. त्या पाणी काढणं कमी किंवा बंद करतात, बीपी बघतात, गरजेप्रमाणे १००-२०० मिली सलाईन देतात. तुम्ही तोवर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. गोळा घट्ट असताना जोराने चोळू नका. मधुमेहात पाय बधिर असतात, गरम पिशवी लावली तर भाजल्याचं कळत नाही. फिस्टुलाच्या हातात (डायलिसिसच्या सुया टोचतात त्या) वांब आला तर हात वाकवू-ओढू नका, सुई सरकते. छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो साधा वांब समजू नका.

पेडण्याची सुगरण:
घरी मूळ मीठ आहे, पाणी नंतर. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, एक लहान चमचा. सकाळची पेज, तिच्याबरोबर चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) आणि भाजलेला सुका बांगडा, यात तो कोटा दहा वाजेपर्यंत संपतो! पेजेची वाटी पाण्यातच मोजा. लघवी बंद असेल तर दिवसाचं पाणी साधारण अर्धा लिटर, चहा-आमटी-सोलकढी धरून. ‘कमी सोडियमचं’ मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

साखळीकर:
शेजारी म्हणतात शहाळं द्या, क्षार भरून येतील. ओआरएस पण सांगतात.

बांबोळीची ताई:
दोन्ही नको. पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडू शकतं. परसातलं करमल (स्टारफ्रूट) सुद्धा नाही. डायलिसिसवरच्या माणसाला त्याने उचकी, भ्रम, झटके येतात. क्विनीनची गोळी कुणी सुचवली तर घेऊ नका, प्लेटलेट घटतात आणि हृदयाची लय बिघडते.

मशीनवाला:
राहिलं ते ड्राय वेट. भूक सुधारून अंग भरलं असेल तर ५८ हा आकडा जुना झाला. सूज नाही, धाप नाही, डायलिसिसनंतर बीपी पडतं, आवाज बसतो, रात्री घरीही वांब येतात, असं असेल तर ड्राय वेट पुन्हा तपासायला सांगा. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा रिपोर्टही मागा. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नंतर, हेही विचारून घ्या. वहीत दर खेपेचं आधीचं-नंतरचं वजन, बीपी आणि वांब आल्याची वेळ लिहा. ती वही दाखवलीत की डॉक्टरांना आकडा बदलायला आधार मिळतो.