समाजमाध्यमांवर वाचक भरपूर, पण संकेतस्थळाला बाहेरून दुवे मिळत नाहीत

गडवाट (प्रश्न)

नमस्कार. सह्याद्रीतील किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांची माहिती देणारे एक मराठी संकेतस्थळ मी चालवतो. कोणत्या गडावर किती टाकी आहेत, त्यांपैकी कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे आणि होळीनंतर कोणती टाकी कोरडी पडतात, ही माहिती भटक्या मंडळींकडून गोळा करून मी छायाचित्रांसह मांडतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील माझ्या नोंदी मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवल्या जात आहेत. मात्र गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या साधनातील दुव्यांचा अहवाल उघडला, की बाहेरच्या संकेतस्थळांची यादी पूर्वी होती तेवढीच दिसते, आणि शोधनिकालांतही माझी पाने खालीच राहतात.

एका व्यावसायिकाने ठरावीक रकमेत शेकडो फेसबुक गटांत आणि ब्लॉगांच्या प्रतिक्रियांत माझ्या संकेतस्थळाचा दुवा टाकून देण्याची तयारी दाखवली आहे. समाजमाध्यमांवरील वावरातून दुवे खरोखर मिळवता येतात का, आणि येत असल्यास त्याची योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

अनुक्रमणिका (प्रतिसाद)

आधी तांत्रिक बाजू स्पष्ट करतो, म्हणजे अपेक्षा नेमक्या होतील. फेसबुकवर आपण दिलेला दुवा त्यांच्या स्वतःच्या मधल्या पत्त्यावरून फिरून वाचकाला आपल्या पानावर नेतो. एक्सवरचे दुवेही असेच लघुपत्त्यातून जातात, तर इन्स्टाग्रामवर छायाचित्राखालच्या मजकुरात लिहिलेला पत्ता सहसा दाबताही येत नाही. मोठ्या समाजमाध्यमांवर सदस्यांनी दिलेल्या दुव्यांना सर्वसाधारणपणे ‘नोफॉलो’ (हा दुवा शिफारस म्हणून धरू नये, असे शोधयंत्राला सांगणारी) किंवा तशाच प्रकारची खूण लावलेली असते. प्रतिक्रियांमधील जाहिरातबाजीला आळा घालण्यासाठी ही खूण २००५ मध्ये आली. २०१९ मध्ये गूगलने तिच्या जोडीला सशुल्क दुव्यांसाठी आणि सदस्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी वेगळ्या खुणा आणल्या, आणि या सर्व खुणा आपण आज्ञा म्हणून न पाळता केवळ सूचना म्हणून विचारात घेऊ, असे जाहीर केले. तरीही फेसबुकवर हजार वेळा पुढे गेलेला दुवा हजार शिफारशींइतका धरला जाईल, असा त्याचा अर्थ होत नाही. बंद गट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे तर शोधयंत्राला वाचताच येत नाहीत. पसंती आणि अनुयायी यांची संख्या आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलच्या मॅट कट्स यांनी २०१४ मध्ये एका चित्रफितीत सांगितले होते.

त्या व्यावसायिकाला कृपया नकार द्यावा. एप्रिल २०१२ मध्ये शोधक्रमवारीच्या पद्धतीत झालेल्या ‘पेंग्विन’ या बदलापासून अशा कृत्रिम दुव्यांवर गूगलची नजर आहे. पुढे २०१६ मध्ये ती यंत्रणा मूळ प्रणालीचाच भाग झाली आणि असे दुवे बहुतांशी हिशेबातूनच वगळले जाऊ लागले, म्हणजे पैसे निव्वळ वाया जातात. प्रकार फारच उघड असेल, तर माणसांकडून तपासणी होऊन थेट कारवाईही होऊ शकते. शिवाय गटांचे संचालक आपल्याला बाहेर काढतील, आणि आपले खरे वाचक त्याच गटांत आहेत.

रानवाटसरू (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु त्यावरून समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष तुम्ही काढू नये. दुवा देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्यांच्याकडेच असतो, आणि ही मंडळी तुम्हाला भेटतात ती त्याच गटांत. भटकंतीचे ब्लॉग लिहिणारे, पदभ्रमण संस्थांची संकेतस्थळे सांभाळणारे, महाविद्यालयांतील इतिहास विभागांचे शिक्षक, जिल्हा पुरवण्यांसाठी लिहिणारे वार्ताहर, अशी ही जेमतेम पन्नास-शंभर माणसे असतील. तुमच्या हजारो अनुयायांपेक्षा या कामासाठी त्यांच्याशी असलेली ओळख अधिक मोलाची आहे.

ओळख करून घेण्याची रीत साधी असली, तरी वेळखाऊ आहे. एखाद्या गटात कोणी विचारले, की एप्रिलमध्ये राजगडावर मुक्काम करायचा आहे, पद्मावती माचीवर पाणी मिळेल का, तर तिथेच पूर्ण उत्तर द्यावे: कोणते टाके, अलीकडे ते कोणी पाहिले, पाणी उकळून घ्यावे लागेल का. केवळ ‘सविस्तर माहितीसाठी येथे वाचा’ असे लिहून दुवा चिकटवणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, की त्यासाठी संकेतस्थळावर स्वतंत्र पान करावे, त्यावर शेवटच्या नोंदीची तारीख ठळक द्यावी, आणि माहिती कळवणाऱ्यांचा त्यांच्या ब्लॉगच्या दुव्यासह उल्लेख करावा. ज्याचे नाव तुम्ही सन्मानाने दिलेत, तो पुढच्या लेखात तुमच्या पानाचा उल्लेख आपणहून करण्याची शक्यता बरीच असते. मात्र ‘मी तुमचा देतो, तुम्ही माझा द्या’ असा घाऊक व्यवहार करू नये, कारण अदलाबदलीचा अतिरेकही गूगलच्या नियमांत बसत नाही.

छायाचित्रांकडेही लक्ष द्यावे. खोदीव टाक्यांची स्वच्छ छायाचित्रे, विशेषतः उन्हाळ्यातली, फारशी कोणाकडे नसतात, त्यामुळे तुमची छायाचित्रे न विचारता वापरली जात असणार. गूगल लेन्समध्ये एकेक छायाचित्र टाकून पाहावे. जिथे ते सापडेल, तिथे तक्रारीच्या सुरात न बोलता ‘छायाचित्र जरूर ठेवावे, खाली आमच्या या पानाचा दुवा द्यावा’ असे लिहावे. अशी विनंती सहसा मान्य होते, कारण समोरच्याला छायाचित्र काढून टाकण्यापेक्षा एक ओळ जोडणे सोपे असते.

आणखी एक गोष्ट, जी मराठी संकेतस्थळांना हमखास नडते. तुमच्या पानांचे पत्ते देवनागरीत असतील, तर ते दुसरीकडे चिकटवताना बहुधा टक्केचिन्हांच्या साखळीत बदलतात. देवनागरीतील प्रत्येक वर्ण किंवा मात्रा अशी नऊ चिन्हे व्यापते, म्हणजे ‘राजगड’ हा एवढासा शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पत्ता पाहून लोक बिचकतात, किंवा अर्धवट नक्कल करतात आणि दुवा तुटतो. मराठीच्या अभिमानाला थोडी मुरड घालून पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवावा. जुनी पाने हलवताना जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन करायला विसरू नये, नाही तर आहेत ते दुवेही हातचे जातील.

कातळकोरीव (प्रतिसाद)

मला वरील चित्र थोडे अधिक आशावादी वाटते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर काम केल्यामुळे सांगतो, की मराठी वृत्तपत्रे दुसऱ्या संकेतस्थळाचे नाव क्वचित घेतात आणि दुवा त्याहून क्वचित देतात. वार्ताहर तुमच्या फेसबुक नोंदीवरून बातमी लिहील आणि ‘समाजमाध्यमांवरील माहितीनुसार’ एवढेच म्हणेल. याचे एक कारण तुमच्याकडेही असू शकते: संपूर्ण माहिती फेसबुकवरच ओतली, तर दुवा द्यायला संकेतस्थळावर वेगळे उरतेच काय? नोंदीत एका टाक्याची गोष्ट असावी आणि संपूर्ण तक्ता, नकाशा व महिनावार स्थिती संकेतस्थळावर असावी.

मराठी विकिपीडियावर स्वतःच्या संकेतस्थळाचे दुवे स्वतः टाकू नयेत. तिथे तो प्रचार समजला जातो, आणि तिथल्या बाह्य दुव्यांनाही नोफॉलोची खूण असतेच. त्याऐवजी काही चांगली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर श्रेयनिर्देशाच्या अटीवर मुक्त परवान्याने द्यावीत. पुस्तके, ब्लॉग आणि परभाषी विकिपीडिया ती वापरतात, आणि श्रेय देताना काही जण मूळ संकेतस्थळापर्यंत पोहोचतात.

गडवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या व्यावसायिकाला नकार कळवला आहे. पत्ते देवनागरीतच आहेत, ते बदलण्याचे काम हाती घेतो. एक शंका उरते. काही पदभ्रमण संस्था माझी माहिती सहलींच्या पत्रकांत वापरतात आणि त्यांची स्वतःची संकेतस्थळेही आहेत. त्यांच्याकडे दुवा थेट मागणे शिष्टाचाराला धरून होईल का?

रानवाटसरू

जरूर मागावा, फक्त मोघम मागू नये. ‘आपल्या हरिश्चंद्रगडाच्या सहलीच्या पानावर पाण्याचा परिच्छेद आहे, त्याखाली आमच्या अद्ययावत नोंदीचा दुवा दिल्यास सदस्यांना निघण्यापूर्वी स्थिती पाहता येईल’ अशा शब्दांत, त्या विशिष्ट पानाचा पत्ता जोडून, संस्थेच्या सचिवांना ईमेल करावा. फेसबुकच्या संदेशपेटीत पाठवलेली विनंती संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसापर्यंत बहुधा पोहोचत नाही. पत्र पावसाळा संपता संपता पाठवावे, कारण हिवाळी सहलींची पाने त्याच सुमारास नव्याने लिहिली जातात. त्याबदल्यात त्यांनी पैसे किंवा जाहिरात मागितली, तर तो दुवा सशुल्क ठरतो आणि त्याला तशी खूण लावावी लागते, म्हणून तिथे विषय सौजन्याने थांबवावा.