रेणुका शहाणे यांच्या दिग्दर्शनावर दूरचित्रवाणीचा ठसा कितपत आहे?

प्रश्न:
'सर्कस' मालिकेतील अभिनयामुळे आणि सिद्धार्थ काक यांच्यासोबत केलेल्या 'सुरभि'च्या सूत्रसंचालनामुळे रेणुका शहाणे दूरदर्शनच्या काळात घरोघरी पोहोचल्या. पुढे त्यांनी २००९ मध्ये 'रीटा' आणि २०२१ मध्ये 'त्रिभंग' हे चित्रपट दिग्दर्शित केले. छोट्या पडद्यावरील त्या प्रसन्न प्रतिमेचा या दोन्ही चित्रपटांशी काही संबंध लागतो का? मला तरी तो लागत नाही.

प्रतिसाद १:
माझ्या मते या दिग्दर्शनाचे मूळ साहित्यात शोधावे लागेल. 'रीटा' हा त्यांच्या आई शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीवर आधारलेला आहे. विवाहित वरिष्ठाच्या प्रेमात अडकलेल्या आणि घरादाराचे ओझे वाहताना मनाने कोलमडलेल्या स्त्रीची ही गोष्ट बरीचशी तिच्या मनातच घडते. त्यामुळे ती पडद्यावर आणणे मुरलेल्या दिग्दर्शकालाही जड गेले असते. पल्लवी जोशी यांच्या संयत अभिनयाने ती बाजू पुष्कळच सावरली. जॅकी श्रॉफ यांना मराठी चित्रपटात अशा भूमिकेत घेणे मात्र खरोखर धाडसाचे होते.

प्रतिसाद २:
साहित्याचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. 'त्रिभंग'ची कथा-पटकथा त्यांची स्वतःची आहे आणि तिचा कणा मुलाखतीचा आहे. लेखिका नयन (तन्वी आझमी) कोमात जाते. तिचे चरित्र लिहिणाऱ्या मिलनने आधी चित्रित करून ठेवलेल्या संभाषणांतून तिची बाजू कळते, तर दुखावलेली मुलगी अनू (काजोल) रुग्णालयात त्याच मिलनसमोर आपली कैफियत मांडते. कॅमेऱ्यासमोर माणूस बोलू लागला की काय उघडे पडते आणि काय झाकले जाते, याची ही जाण वर्षानुवर्षे सूत्रसंचालन केलेल्या व्यक्तीकडे असणे मला स्वाभाविक वाटते. 'सुरभि'चा संबंध लावायचाच असेल, तर तो येथे लागतो.

प्रतिसाद ३:
वरील निरीक्षण पटले. मात्र 'रीटा' आईच्या कादंबरीवर बेतलेला होता, म्हणून 'त्रिभंग'मधील नयनलाही थेट शांता गोखले समजणे गैर आहे. समाजमाध्यमांवर असा सूर वाचला, म्हणून हे लिहावेसे वाटले. दोन्ही चित्रपटांत बारा वर्षांचे अंतर असूनही आईवडिलांच्या निर्णयांची किंमत मुलींनी मोजणे हा धागा कायम आहे. फरक इतकाच, की 'रीटा'मध्ये मुलगी सोसत राहते, तर 'त्रिभंग'मधील अनू आईला नावाने हाक मारते आणि शिव्याही घालते.