कोनाचं पोहणं: तलाव पुरेसा नाही
तलावात सलग ३.८ किलोमीटर जमलं की हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) पोहण्याची काळजी मिटली, असं काहीजण म्हणतात. दमापुरतं ठीक. पण तलावाच्या तळाशी सरळ पोहायला काळी रेघ असते, समुद्रात नसते. आम्ही रत्नागिरीत भाट्याच्या समुद्रात पोहतो तेव्हा लाटेने वर उचललं की तेवढ्यात रत्नदुर्ग किल्ल्याचं दीपगृह हेरून घ्यायचं, नाहीतर ओढ भलतीकडेच नेते. हे समुद्रातच शिकावं लागतं.

शिवाय कोनाला पाणी कोमट, वेटसूट (पोहताना घालायचा जाड रबरी पोशाख) चालत नाही, म्हणजे त्याने मिळणारा तरंगण्याचा आधारही नाही. आपल्या कोकणवाल्यांना वेटसूटची सवयच नाही, हे बरंच आहे! मला खरी धाकधूक आहे ती १८० किलोमीटर सायकलनंतर लाव्हाच्या उघड्या माळावर धावण्याची. ऑक्टोबरचं दमट ऊन रत्नागिरीतही आहे, पण इथे रस्त्याकडेला आंब्याची सावली मिळते.