पॅट्रियट्सचे पास झेलणारे रनिंग बॅक : फॉक, व्हरीन की व्हाइट?

कर्वेनगर_फ्लॅग
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या फ्लॅग फुटबॉलच्या सरावाआधी ज्युनिअर मुलांना क्लिप दाखवतो. या वेळचा विषय पास झेलणारे रनिंग बॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) मागे किंवा शेजारी उभे राहणारे खेळाडू. संघ अमेरिकेच्या एनएफएल लीगमधला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स, कारण त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या काळात ही जागा त्यांनी कधी रिकामी पडूच दिली नाही : केव्हिन फॉक, डॅनी वुडहेड, शेन व्हरीन, जेम्स व्हाइट.

फॉक १९९९ ते २०११ : ४३१ झेल, ३,७०१ यार्ड. व्हाइट २०१४ ते २०२१ : ३८१ झेल, ३,२७८ यार्ड. भागाकार केला तर दोघांचेही झेलामागे ८.६ यार्डच येतात. मग फरक कशात धरायचा? पहिला नंबर कुणाचा, आणि मुलांना कुणाचं नेमकं काय दाखवू?

थर्डडाऊन_पर्वती
सरासरीवरून काहीच ठरणार नाही. फॉक १३ हंगाम खेळला, व्हाइट ८. पास झेलून केलेले टचडाऊन फॉकचे १५, व्हाइटचे २५. नुसतं झेलणं बघायचं तर व्हाइट पहिला, यात मला शंका नाही.

पण फॉकला दुसरा म्हणताना त्याचं काम बघा. किक आणि पंट घेऊन पळणं त्याच्याकडे होतंच, वर थर्ड डाऊनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) ब्रेडीचं संरक्षण. स्नॅप झाल्यावर (बॉल क्वार्टरबॅककडे देऊन डाव सुरू झाल्यावर) बॅकने आधी आतल्या लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे) बघायचं, मग बाहेरच्याकडे. दोघंही मागे सरकले तर रूटला (पास झेलायला धावायच्या ठरलेल्या वाटेला) सुटायचं. एक जरी आत घुसला तरी त्याला छातीवर घेऊन अडवायचं, आणि तो डाव आपल्यासाठी तिथेच संपला. असे डाव झेलांच्या तक्त्यात येत नाहीत, आणि फॉकची खरी किंमत त्यांच्यातच आहे. २०१०च्या सुरुवातीला त्याचा गुडघा गेला, तेव्हा जेट्स संघाने सोडलेल्या आणि नुकत्याच घेतलेल्या वुडहेडने ती जागा घेतली. वुडहेडने त्या वर्षी ३४ झेलांत ३७९ यार्ड काढले, म्हणजे तोही कच्चा नव्हता.

व्हाइटचं २०१८ वर्ष पूर्ण दाखवा : ८७ झेल, ७५१ यार्ड, ७ टचडाऊन. त्याआधी पॅट्रियट्सच्या रनिंग बॅकमध्ये टोनी कॉलिन्सचे १९८६चे ७७ झेल सर्वांत जास्त होते.

आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) ५१, अटलांटाविरुद्ध. १४ झेल, ११० यार्ड, एकट्याचे २० गुण. पॅट्रियट्स २८-३ ने मागे होते आणि त्यांनी एकूण ९३ डाव खेळले. अटलांटाचे लाइनबॅकर तिसऱ्या क्वार्टरपासूनच धापा टाकत होते. व्हाइटचे ५-६ यार्डांचे झेल किरकोळ दिसतात, पण प्रत्येक झेलामागे त्यांना मधून बाजूपर्यंत धावत यावं लागत होतं. शेवटी पाय उचलेनात, ते यामुळेच.

पेठेतली_मृणाल
व्हरीनला दोघेही विसरलात! सुपर बोल ४९ मध्ये सिएटलसारख्या बचावासमोर ११ झेल. यार्ड फक्त ६४, पण तो बॅकफील्ड (क्वार्टरबॅकजवळची जागा) सोडून बाहेर रिसीव्हरच्या जागी गेला की त्याच्यामागे कोण जातं ते बघा. लाइनबॅकर मागोमाग गेला तर बहुधा मॅन कव्हरेज (प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा). कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) समोर राहिला आणि लाइनबॅकर मध्येच थांबला तर झोन (प्रत्येकाने एकेक जागा सांभाळायची). क्वार्टरबॅकला स्नॅपच्या आधीच उत्तर मिळतं. हे मुलांना लगेच कळतं, कारण क्लिप थांबवून बोट ठेवून दाखवता येतं.

जानेवारी २०१५चा रेव्हन्सविरुद्धचा सामनाही दाखवा. व्हरीनने पंचांना ‘मी पास झेलायला अपात्र’ असं कळवलं आणि तरीही स्लॉटमध्ये (कडेचा रिसीव्हर आणि लाइन यांच्या मधल्या जागी) उभा राहिला. रेव्हन्स त्याच्यावर माणूस ठेवत राहिले आणि पलीकडे टाइट एंड (लाइनला लागून उभा राहणारा, पास झेलू शकणारा खेळाडू) मोकळा. पुढच्या हंगामापासून लीगने नियमच बदलला : असा खेळाडू आता टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या अडवणाऱ्या खेळाडूच्या) बाहेर उभा राहू शकत नाही.

तरी माझाही क्रम व्हाइट, फॉक, व्हरीन असाच. व्हरीनचा काळ फार थोडा, २०११ ते २०१४.

थर्डडाऊन_पर्वती
मृणालताई, व्हरीनचा मुद्दा मान्य.

फॉकची एक क्लिप मात्र चुकवू नका. १५ नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस, स्वतःच्या २८ यार्डावर फोर्थ अँड टू (चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि २ यार्ड हवेत). फॉकने बॉल घेतला तो गाठायच्या रेषेच्या पुढे, पण हातात एकदा उडाला. ताबा मिळेपर्यंत मेल्विन बुलिटने त्याला मागे रेटलं होतं, त्यामुळे पंचांनी जागा मागची धरली. पॅट्रियट्सकडे टाइमआउट उरला नव्हता, म्हणून दाद मागता आली नाही. सामना ३५-३४ ने गेला. बॉल छातीखाली येत असेल तर करंगळ्या जवळ, वर येत असेल तर अंगठे जवळ, आणि बॉल बगलेत जाईपर्यंत नजर हलवायची नाही. हे शिकवायला यापेक्षा चांगली क्लिप मिळणार नाही.

कर्वेनगर_फ्लॅग
दोघांचेही आभार. फ्लॅगमध्ये ब्लॉकिंगला बंदी आणि रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) ७ यार्डांवरून निघतो, म्हणजे फॉकचं अडवणं आमच्या कामाचं नाही. व्हाइटचा ऑप्शन रूट (बचावपटू बघून दिशा ठरवायची वाट) कसा बसवू?

थर्डडाऊन_पर्वती
५ यार्डांवर एक कोन (सरावाचा शंकू), त्याच्या मागे एक बचावपटू. बॅकने सरळ त्या बचावपटूच्या अंगावर जायचं, आधीच बाजूला पळायचं नाही. तो आतल्या बाजूला उभा असेल तर बाहेर वळा, बाहेर असेल तर आत. तो मागे हटत झोनमध्ये गेला तर थांबा, क्वार्टरबॅककडे तोंड करा आणि मोकळ्या जागेत उभे राहा.

चुका तीनच होतात. वळण गोल घेणं : बचावपटूला एक पाऊल फुकट मिळतं, म्हणून वळायच्या उलट बाजूचा पाय रोवून तुटक वळा. दुसरी, वळायच्या आधीच मागे बघणं. त्यातून दिशा कळते. तिसरी सगळ्यात महागात पडते : बॅकने आत वाचलं, क्वार्टरबॅकने बाहेर, आणि बॉल सरळ बचावपटूच्या हातात. म्हणून पहिल्या दिवशी बॉल देऊच नका. बॅक आणि क्वार्टरबॅक दोघांनी एकाच वेळी ‘आत’, ‘बाहेर’ किंवा ‘थांब’ असं ओरडायचं. दहापैकी नऊ वेळा जुळलं की मग बॉल.

पेठेतली_मृणाल
बचावपटू आलटून पालटून ठेवा, नाहीतर मुलं कोनाकडे बघून वळतात, माणसाकडे नाही.