मदत हवी आहे: बंद पडलेली कार पारोळ्याहून अमळनेरला ओढून न्यायची आहे

बोरीकाठचा
काल संध्याकाळपासून गाडी पारोळ्याजवळ हायवेवर ढाब्यापाशी उभी आहे. फिटर अमळनेरला, वीसेक किलोमीटर. काकांचा ट्रॅक्टर आहे, नाडा आहे. बांधायचा कुठे? बंपरखाली हात घातला तर नुसतं प्लास्टिक लागतंय. लवकर सांगा, दुपारी ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जाणार आहे.

केळीबाग_रावेर
आधी बॅटरी बघा. माझ्या टर्मिनलवर पांढरं फुललं होतं. गरम पाण्याने धुतलं, एका सेल्फमध्ये चालू.

बोरीकाठचा
बॅटरी चांगली आहे, हॉर्न वाजतो. मी ओढण्याचं विचारलंय.

जुना_ड्रायव्हर
काय व्हयनं ते तरी लिही भाऊ. गाडी कोणती? डिक्कीत स्टेपनीजवळ जॅक-पान्यासोबत जाड लोखंडी कडी असते. बंपरवर छोटं झाकण असेल. स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून ते उचक, आत आटे दिसतील. कडी पूर्ण बसव आणि शेवटी पाना घालून आवळ. सस्पेन्शनला दोर बांधू नकोस.

साक्रीकर
एवढं काही लागत नाही. मी कोंडाईबारी घाटातून जीप आणलीय ट्रॅक्टरने. न्यूट्रल करा, चावी काढा, चला.

जुना_ड्रायव्हर
चावी काढली की स्टिअरिंग लॉक होतं, दादा! पहिल्या वळणालाच गाडी खड्ड्यात. शिवाय इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं. आमच्या गावात उतारावर दोर ढिला पडला आणि कार सरळ ट्रॉलीत घुसली. चुलतभाऊ दोन्ही पायांनी पेडलवर उभा होता, तरी थांबली नाही. रेडिएटरमधून ट्रॉलीचा अँगल आरपार.

साक्रीकर
माझ्या जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंगच नव्हतं, इंजिन बंद असल्याचा त्याला फरक पडला नाही, म्हणून जमलं असेल. चावीचं पटलं. पण रस्ता चौपदरी झाल्यापासून ट्रकवालेही मदतीला थांबत नाहीत, पूर्वी लगेच थांबायचे.

केळीबाग_रावेर
खरंय. आमच्याकडे केळीच्या गाड्या अजून थांबतात.

गिरणाई
विषयावर या. दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोराला मध्यावर लाल फडकं, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस, मागे ‘ऑन टो’ पाटी. वेग 20 च्या आसपास. आणि बोरीकाठचा, गाडी ऑटोमॅटिक तर नाही ना?

बोरीकाठचा
ऑटोमॅटिकच आहे, दोनच पेडल. तेलाचा लाल दिवा लागला आणि बंद पडली. त्याने काय फरक पडतो?

गिरणाई
हेच आधी सांगायचं होतं! नाडा गुंडाळून ठेवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. वीस किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं काम निघेल. फ्लॅटबेडच बोलवा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा. हायवेवर आहात तर 1033 ही हायवे हेल्पलाइन लावा. आणि तेलाचा दिवा लागलाय, आता सेल्फ मारूच नका.

बोरीकाठचा
पॉलिसीत आहे! धुळ्याहून फ्लॅटबेड निघाली, काकांना ट्रॅक्टर घेऊन जायला सांगितलं. वर चढवायला कडी लागेल म्हणतात. स्टेपनीखाली सापडली, झाकणही निघालं, पण आटे धरतच नाहीत.

जुना_ड्रायव्हर
काही गाड्यांना उलटे आटे असतात. डावीकडे फिरवून बघ.

बोरीकाठचा
बसली.